तेरला काय पाहायचं?

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, चंचुपात्रांच्या मागच्या फळीवर, बुटांचा एक जुना खोका आहे. त्यात खापरांचे पंधरावीस तुकडे आहेत, शंखाच्या बांगडीचे दोन तुकडे आहेत, मधोमध भोक असलेली मातीची एक चकती आहे आणि एक तांबडा मणी आहे. झाकणावर निळ्या शाईनं ‘तेर’ असं लिहिलेलं आहे. बरीच वर्षं झाली, आम्ही तिघे शिक्षक मुलांची सहल घेऊन तेरला गेलो होतो, तेव्हा हा ठेवा आम्ही मोठ्या हौसेनं गोळा करून आणला. पुढे एका सहकाऱ्याला आपल्या गावच्या पांढरीवर काही खापरं सापडली. ‘एकाच जातीचं सामान आहे’ म्हणून तीही त्याच खोक्यात गेली. आता यातलं तेरचं कोणतं आणि परभणी जिल्ह्यातलं कोणतं, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता येत नाही.

हा लेख त्या खोक्यामुळे लिहावासा वाटला. मात्र आधी सहलीविषयी.

आमच्याकडच्या सहली ठरलेल्या असतात. औंढा नागनाथ, वेरूळ, अजिंठा, पैठण. तेरचं नाव काढलं तेव्हा एका पालकांनी सरळ विचारलं, “तिथं काय आहे पाहायला?” प्रश्न रास्त होता. एक विटांचं जुनं देऊळ, गोरोबाकाकांची समाधी, एक वस्तुसंग्रहालय, एक नदी आणि गावाभोवती काही टेकाडं, एवढंच उत्तर आमच्याजवळ होतं. दोन हजार वर्षांपूर्वी हे कापडाच्या धंद्याचं मोठं शहर होतं आणि इथला माल समुद्रापार जात होता, हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग ते शहर दिसतं का?”

मानवत, सेलू ही आपल्या जिल्ह्यातली कापसाच्या बाजाराची गावं. कापसाच्या गाड्या, जिनिंग, प्रेस, सरकीचे ढीग हे सगळं आमच्या मुलांच्या ओळखीचं आहे. जिनिंग बंद पडलं की काय उरतं, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. आधी यंत्रं जातात, मग पत्रे जातात, मग भिंतींच्या विटा. शेवटी आवारात उरतात ते सरकीचे कुजके थर, तेलानं काळी पडलेली जमीन आणि गंजलेले खिळे. उद्योगाच्या गावात शेवटी टिकतो तो केरच. तेरला जाताना मुलांना आम्ही एवढंच सांगून ठेवलं.

गंगाखेडला गोदावरी ओलांडली, परळी, अंबाजोगाई करत पुढे मांजरा ओलांडली की आपण तेरणेच्या खोऱ्यात उतरतो. तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला. म्हणजे तेरच्या अंगणातलं पाणी आणि गंगाखेडच्या घाटाखालून गेलेलं पाणी शेवटी एकाच पात्रात येतं. तेर आज धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात आहे.

या गावाचं जुनं नाव तगर. ते आपल्याला एका ग्रीक पुस्तकामुळे ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमध्ये राहणाऱ्या कोणा व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ते पुस्तक ओळखलं जातं. लेखकाचं नाव माहीत नाही. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं नगर, असं तो सांगतो. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड, तगरहून पुष्कळ साधं कापड, मलमलीचे निरनिराळे प्रकार आणि ‘मोलोखिना’ नावाचं एक कापड गाड्यांत भरून भडोचला येतं, तेही धड रस्ते नसलेल्या मुलुखातून, असं त्याच्या मजकुराचं सार आहे. मोलोखिना म्हणजे नक्की काय, यावर अजून वाद आहे. हा शब्द ज्या वनस्पतीवरून आला तिच्याच कुळात कापूस, भेंडी आणि अंबाडी येतात, हे वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना सांगायला हरकत नाही.

पण हे तगर म्हणजे कोणतं गाव? एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी दौलताबाद सुचवलं, जुन्नर सुचवलं, आणखीही गावं सुचवली. शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, त्यामुळे त्यांच्या राज्याजवळ शोधण्याचा मोह होई. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असं दाखवून दिलं. त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग भाषेचा होता आणि मराठीच्या तासाला तो फार उपयोगी पडतो. ‘नगर’मधला ग झिजून ‘नयर’ आणि मग ‘नेर’ होतं. अंमळनेर, पिंपळनेर ही नावं तशीच तयार झाली. त्याच वाटेनं ‘तगर’चं ‘तयर’ आणि ‘तेर’.

दुसरा भाग अंतराचा. तो मुलांनी नकाशावर पट्टी ठेवून स्वतः करून पाहावा, आम्ही करवून घेतला. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरतं. त्याला वीस दिवस, म्हणजे दिवसाला साडेसतरा किलोमीटर. पैठण ते तेर सुमारे १५० किलोमीटर. त्याला दहा दिवस, म्हणजे दिवसाला पंधरा. रस्ता सरळ रेषेत जात नाही, हे धरलं तर दोन्ही आकडे भरलेल्या बैलगाडीच्या चालीशी जुळतात. दिशा मात्र जुळत नाही. तेर पैठणच्या पूर्वेला नसून आग्नेयेला, त्यातही बरंच दक्षिणेकडे आहे. एका मुलीनं विचारलं, “मग पुस्तक चूक की गाव चूक?” पुस्तक लिहिणारा बंदरात बसून ऐकीव माहिती टिपत होता. गाडीवान दिवस मोजतो, दिशा मोजत नाही. असं आमचं उत्तर होतं आणि ते तिला पुरतं पटलं नाही, हेही नमूद करायला हवं.

तेरमध्ये पहिल्यांदा नजरेत भरतं ते त्रिविक्रमाचं देऊळ. पुढचा मंडप सपाट छपराचा, नंतर जोडलेला. मागचा भाग पाहिला की वेरूळची दहाव्या क्रमांकाची लेणी पाहिलेली मुलं थबकतात. पाठीमागची भिंत अर्धगोल, छप्पर उलट्या होडीसारखं आणि दर्शनी बाजूला घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान. लेण्यात जे डोंगर कोरून केलं, ते इथं विटांनी रचलेलं आहे. असं विटांचं उभं चैत्यगृह भारतात फार थोड्या ठिकाणी टिकलं आहे. दुसरं ठळक उदाहरण आंध्रातल्या चेजर्ल्याचं. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी १९०२-०३ च्या अहवालात या देवळाचं वर्णन केलं आणि ते मुळात बौद्ध चैत्य असावं असं मानलं. आज आत पाऊल उंचावलेला त्रिविक्रम उभा आहे. देवळात पूजा चालू राहिली म्हणून छप्परही राहिलं. ज्या इमारती कोणाच्या पूजेत नव्हत्या, त्यांच्या विटा लोकांनी घरांना नेल्या.

विटांवरून आठवलं. तेरच्या जुन्या विटांपैकी काही पाण्यावर तरंगतात, याची ख्याती आहे. यात चमत्कार काही नाही. मातीत भाताचा कोंडा किंवा भुसा भरपूर मिसळला की भट्टीत तो जळून जातो आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात. विटेचं एकूण घनफळ तेवढंच राहतं, वस्तुमान घटतं. घनता पाण्यापेक्षा कमी झाली की वीट तरंगते, आणि पोकळ्यांत पाणी शिरलं की हळूहळू बुडते. शाळेत छोट्या वड्या करून, भुशाचं प्रमाण बदलत हा प्रयोग करता येईल. गावातल्या कुंभाराच्या भट्टीत त्या भाजून घ्याव्यात, शेगडीवर नीट भाजत नाहीत.

कुंभाराचा विषय तेरमध्ये टाळता येतच नाही. तेरणेच्या काठी संत गोरोबांची समाधी आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातला हा कुंभार संत. सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं हे त्यांनी सांगितलं आणि नामदेव कच्चे ठरले, ही गोष्ट आपण सगळे सांगतो. कथेतला अध्यात्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवू. मडकं वाजवून पारखणं ही खरीखुरी तपासणी आहे. नीट भाजलेलं, तडा नसलेलं मडकं खणखणीत वाजतं; कच्चं किंवा तडकलेलं बद्द वाजतं, कारण कंपनं मध्येच अडतात. गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षं याच नदीकाठची माती याच गावात भट्टीत जात होती.

त्या काळच्या मातीकामाचा नमुना पाहायचा तर लामतुरे वस्तुसंग्रहालयात जावं लागतं. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या टेकाडांवर आणि आसपास सापडणाऱ्या हजारो वस्तू जमवल्या, जपल्या. आज ते शासनाचं संग्रहालय आहे. तिथल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती मुलांना फार आवडतात. त्या आतून पोकळ आहेत. पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा वेगवेगळ्या साच्यात काढून दोन्ही भाग जोडले, की कानाजवळून खाली जोडाची रेघ राहते. ती रेघ शोधायला लावा. साचा म्हणजे एकसारखा माल पुष्कळ काढायची सोय. हा कलावंताच्या एकट्या हाताचा नव्हे, कारखान्याचा मार्ग झाला. दोन साच्यांची ही रीत रोमन जगातून आली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात.

याच संग्रहात हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथं पोचली होती. तेरची मूर्ती तिच्याशी जवळचं साम्य दाखवते. भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीची मूर्ती मिळाली. मग पॉम्पेईची मूर्ती आपल्या भागातून गेली का? काहींना तसं वाटतं. तिच्यावरची खूण वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतली आहे, त्यामुळे काहींना शंका आहे. इथं एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. तेरच्या मूर्तीचा काळ आपण पॉम्पेईवरून ठरवतो, कारण ती थर मोजत केलेल्या उत्खननातली नव्हे, संग्रहातली आहे. सोळाशे-सतराशे किलोमीटर नव्हे, हजारो किलोमीटर दूरच्या ज्वालामुखीच्या राखेची मदत घ्यावी लागते, ती आपल्या टेकाडातला थर हरवला म्हणून.

म्हणून लामतुऱ्यांविषयी लिहिताना आमची थोडी ओढाताण होते. त्यांनी उचललं नसतं तर यातलं बहुतेक सगळं नांगराखाली चुरा झालं असतं किंवा विकलं गेलं असतं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण वस्तू जमिनीतून वर आली आणि हातात गेली, की ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, ही तिची निम्मी साक्ष मागे राहते. ती साक्ष मिळवण्यासाठी १९५८ च्या सुमारास बा. ना. चापेकर यांनी तेरला पद्धतशीर उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. पुढेही इथं उत्खननं झाली.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. शहर दिसतं का? टेकाडावर नेऊन आम्ही मुलांना विचारलं, “इथं मणी तयार होत होते की नुसते विकत घेतले जात होते, कसं ओळखाल?” पुष्कळ मणी सापडले तर इथंच होत असतील, असं पहिलं उत्तर आलं. पण परभणीच्या घराघरात स्टीलची भांडी आहेत म्हणून परभणीत पोलादाचा कारखाना आहे असं आपण म्हणत नाही. मग एक मुलगा म्हणाला, “फुटके मणी पाहिजेत.” जवळ आला होता. पाहिजेत ते अर्धवट मणी.

अकीक हा आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होणारा दगड. गोदावरीच्या वाळूगोट्यात शोधला तर त्याचे गोटे मिळतात. मणी करायचा तर गोटा आधी भाजतात; दगडातल्या लोहाच्या संयुगांचं रूप बदलून फिका रंग तांबडा होतो. मग कपच्या काढून ढोबळ आकार, मग घासणं, मग भोक, मग झिलई. प्रत्येक पायरीवर काही दगड फुटतात, भोक पाडताना सगळ्यात जास्त. फुटलेला, अर्ध्यावर सोडलेला मणी कोणी विकत घेत नाही, गळ्यात घालत नाही, दुसऱ्या गावी नेत नाही. तो जिथं बिघडला तिथंच पडून राहतो. शंखाच्या बांगडीचंही तसंच. तेरपासून समुद्र किती दूर! बांगडीचा तुकडा सापडला तर त्यावरून कोणा बाईच्या हातात ती होती एवढंच कळतं. करवतीच्या खुणा असलेला शंखाचा मधला दांडा सापडला तर शंख इथवर अख्खा आणून इथंच कापला, असं म्हणता येतं. पक्का माल गावोगाव जातो, कारागिराच्या दारात उरते ती त्याची चूक. आणि कारखाना कुठं होता हे तीच सांगते.

पण मग कापडाचं काय? तगरचं नाव ज्यामुळे ग्रीक पुस्तकात गेलं तो धंदा सगळ्यात मोठा, आणि त्याचा पुरावा सगळ्यात लहान. आपल्या पावसाळी, काळ्या मातीत सुताचा धागा फार दिवस टिकत नाही. माग लाकडाचे, तेही गेले. उरते मातीची भोक असलेली चकती. टकळीच्या काडीला वजन म्हणून ती लावत असतील. पण पोराच्या खेळगाड्याचं चाकही तसंच दिसतं. चकत्यांचा एक ढीग एका घरात सापडला तर सूतकताई म्हणावी, एकटीदुकटी सापडली तर गप्प बसावं.

पुरावा मिळाला तो दुसऱ्या टोकाला. इजिप्तच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर बेरेनिके हे जुनं बंदर आहे. तिथल्या कोरड्या वाळूत १९९४ पासूनच्या उत्खननांत सुती कापडाचे तुकडे मिळाले. ते भारतीय हे कशावरून? पिळावरून. सुताचा धागा उभा धरा आणि भिंगातून पाहा. पिळाच्या रेघा खालून वर उजवीकडे चढत असतील तर त्या इंग्रजी ‘झेड’च्या मधल्या रेघेसारख्या, डावीकडे चढत असतील तर ‘एस’च्या. इजिप्तमधले लोक पिढ्यान्‌पिढ्या जवसाच्या तागाचं सूत काततात, ते ‘एस’ पिळाचं. तोच हात त्यांनी इतर धाग्यांनाही लावला. भारतात सूत ‘झेड’ पिळाचं. हाताची सवय दोन हजार वर्षं धाग्यात बसून राहिली. त्यातला एखादा तुकडा तगरचा असेल का? असेल, नसेल, कापडावर गावाचं नाव नाही. पण वर्गात पोत्याचा सुतळीचा धागा, सदऱ्याचा धागा, वातीचा धागा घेऊन पीळ पाहण्याचा तास आम्ही घेतला आणि घंटा झाल्यावरही मुलं उठेनात.

तो कापूस आजच्या शेतातला नव्हे, हेही सांगायला हवं. परभणी-नांदेडकडचा जुना गावरानी कापूस ज्या देशी जातीचा, गॉसिपियम आर्बोरियमचा, तिच्यासारख्या जुन्या जगातल्या जातींचं ते सूत. आज शेतात दिसतो तो बहुतेक कापूस अमेरिकेतून आलेल्या जातीचा. परभणीच्या कृषी विद्यापीठात देशी कापसावर काम झालं आहे. तिथं मुलांना नेऊन दोन्ही बोंडं शेजारीशेजारी पाहता येतात.

टेकाडावरून उतरताना एका मुलाचा खिसा फुगलेला दिसला. बांगडीचा तुकडा होता. “खाली पडला होता, सर.” आम्ही त्याला जागेवर ठेवून यायला सांगायला हवं होतं. संरक्षित जागेवरून काही उचलणं कायद्याला धरून नाही, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. पण आमच्याच पिशवीत खापरं होती. त्याला कोणत्या तोंडानं रागावणार? तोच तुकडा आज खोक्यात आहे.

गावोगावची पांढरी अशीच जाते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जुन्या वस्तीची जमीन पांढुरकी होते, म्हणून काळी ती शेतीची आणि पांढरी ती वस्तीची. ही माती धाब्याच्या घरावर घालायला चांगली, शेताला खत म्हणूनही चांगली. गाड्याच्या गाड्या नेल्या जातात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याची गरज खरी आहे. पण एका गाडीत दोन-तीनशे वर्षांचा थर जातो आणि त्यात काय होतं हे गाडीवानालाही कळत नाही. परभणी जिल्ह्यातही अशा पांढरी आहेत. त्यांच्यातली एखादी कापड विणणारी, मणी करणारी असेल तर तिथले अर्धवट मणी पाहिल्याशिवाय ते कळायचं नाही.

त्यानंतरच्या सहलींत आम्ही पिशवीऐवजी वह्या नेतो. सापडलेली वस्तू हलवायची नाही. शेजारी पट्टी ठेवून चित्र काढायचं, जागा लिहायची: देवळापासून किती पावलं, कोणत्या दिशेला, उतारावर की माथ्यावर, आसपास आणखी काय. दिशेच्या बाबतीत मुलं पेरिप्लसच्या लेखकापेक्षा काटेकोर निघाली. दिशेवरून वाद घालणाऱ्या त्या मुलीनं होकायंत्र आणलं होतं.

खोका अजून कपाटातच आहे. झाकणावरचं ‘तेर’ खोडून आम्ही खाली लिहिलं आहे: ‘ठिकाणाची नोंद नाही’. आठवीच्या मुलांना खापर वाजवून पारखायला ती खापरं उपयोगी पडतात.